कॅनची लगड

५ जानेवारी, रविवार

आज भट्टी पेटवली. नारळ पोराच्या, जोतीरामच्या हातून फोडला, म्हणजे धंदा त्याच्या नावाचा झाला. नारळात पाणी कमी निघालं. मी कुणाला बोललो नाही, पण मनात राहिलं.

गोठ्यामागं तिन्ही बाजूंनी पत्रा मारलाय, वर पत्रा, समोर पोत्यांचा पडदा. वारं लागलं की आच हलते, म्हणून कुठं फट ठेवली नाही. आयुष्यभर आच सांभाळली, एवढं तरी मला कळतं.

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला जातात, गलाईवाले म्हणतात आम्हाला. पाऊस नाही, मग दुसरं काय करणार. मी सातवीतून उठून कोइमतूरला गेलो. म्हातारपणी परत आलो आणि माझ्या जागेवर जोतीराम बसला. ॲसिडच्या धुरानं त्याची छाती धरली. गेल्या दिवाळीत त्याला घरी आणलं. मिरजेच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, पुन्हा धुरात बसायचं नाही. पण कोइमतूरच्या शेटचा फोन थांबत नाही, कधी येतोस, जागा मोकळी ठेवलीय.

म्हणून हा धंदा मी काढला. बिअरचे, सोड्याचे रिकामे कॅन आणायचे, वितळवायचे, लगड करून विकायची. कॅनला ॲसिड लागत नाही, हे सगळ्यात बरं. हा चालला तर पोरगं घरी राहील. नाही चालला तर ते परत ॲसिडात जाईल, कारण त्याला दुसरं येतं काय?

९ जानेवारी

जोतीराम छोटा हत्ती घेऊन पाटणवरून कोयनानगरपर्यंत जाऊन आला. घाटातल्या हॉटेलांमागं शनिवार-रविवारच्या कॅनचे ढीग पडतात, ते पोत्यांनी भरून आणले. वास असा की जोतीरामच्या आईनं, शालूबाईनं, गाडी दारात थांबू दिली नाही. ती माळकरी. म्हणाली, ही घाण तुळशीसमोरून न्यायची नाही. मग मागच्या बांधावरून आणली.

सूनबाई संयोगिता हसत म्हणाली, "मामा, गावात इचारत्यात, म्हातारा रोज एवढी पितो का दोघं बापल्योक मिळून?"

तिला हसताना बघून बरं वाटलं. दिवाळीपासून ती फारशी हसत नव्हती.

दुपारभर कॅन हातात घेऊन बघत बसलो. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, जर्मनचं पातेलं, जर्मनची किटली. पण हा जर्मन पातेल्याचा नाही. अंग कागदासारखं पातळ, बोटानं दाबलं तर दबतं, तरी फाटत नाही. वरचं झाकण मात्र ताठ. वाकवलं तर दोनदा ऐकतं, तिसऱ्यांदा तुटतं. ओढायची कडी त्याहून वेगळी वाटते. एका डब्यात दोन-तीन जातीचा धातू कशाला घातला असेल, कळत नाही. काही डबे, थंड कॉफीचे वगैरे, लोखंडी निघाले, आतून कल्हईसारखा पांढरा हात दिलेला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून ते वेगळे केले.

१२ जानेवारी

पहिला घाणा उतरवला. मन खट्टू आहे.

सोनं गाळताना भांड्यात बघायचं नसतं, रंगाकडं बघायचं असतं. आधी काळसर लाल, मग केशरी, मग लिंबासारखं पिवळं, आणि मग वितळलेलं सोनं हिरवट होऊन आरशासारखं थरथरतं. तेव्हा ओतायचं. त्याआधी ओतणारा कच्चा. हे मी जोतीरामला शिकवलं, मला माझ्या मामांनी शिकवलं.

एवढी मोठी मूस मिळेना म्हणून लग्नाच्या भाजीची लोखंडी कढई भट्टीवर ठेवली. कॅन टाकले. रंगाचा, व्हार्निशचा काळा धूर निघाला, डोळे चुरचुरले. कॅन खचले आणि राखाडी लापशीसारखे झाले. पण रंग येईना. मी म्हणालो, भट्टीत अजून कोळसा टाक.

जोतीराम म्हणाला, "आप्पा, पातळ झालंय की. वतूया."

मी म्हणालो, "तांबडं झालंय का? मग?"

तो ब्लोअर फिरवायला लागला. वर दुधावर धरते तशी साय धरली, ती झाऱ्यानं काढली. लगेच दुसरी धरली. काढायची आणि परत धरायची. शेवटी कढई लाल झाली तेव्हा कुठं माल लाल दिसला. ओतला तर अख्ख्या पोत्याची लगड कपड्याच्या साबणाच्या वडीएवढी. बाकी सगळी मळी. ढीगभर.

जोतीरामला खोकला आला. थंडी कडक आहे यंदा.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेतला. गोड लागला नाही. कॅनमध्ये कुणी माती भरून देत असेल का? हॉटेलवाले वजन वाढवायला काहीही करतात.

२० जानेवारी

आज दोनदा गाळलं. एकदा सवागी, म्हणजे टाकणखार टाकला, एकदा सोरा. सोन्यात सोरा टाकला की मळ वर येतो आणि सोनं स्वच्छ होतं. यात सोरा टाकल्याबरोबर पांढरा लखलखाट झाला आणि भडका पत्र्याला लागला. माझ्या भुवया गेल्या. शालूबाईनं खोबरेल लावलं आणि नातवानं बघितलं असतं तर केवढा घाबरला असता म्हणाली. तो तिथंच होता, हे मी तिला सांगितलं नाही.

दोन्ही वेळेला पहिल्याहून कमी माल. मला वाटतं आच कमी पडते. आणखी तापवायला हवं. आच कमी असली की मळ राहतो, हे आमच्या धंद्याचं पहिलं वाक्य.

२९ जानेवारी

विट्याचा लालासाहेब येऊन गेला. भंगाराचा मोठा धंदा आहे त्याचा, तोच माझी लगड घेणार होता. लगडीवर कानशीनं घासलं, हातोडा मारला. तुकडा उडाला.

"आण्णा, ह्यो जर्मन हाय का बिस्कुट?" म्हणाला.

मी म्हणालो, पहिलाच माल आहे. तो म्हणाला, कुपवाडला एका ओतकामाच्या कारखान्यात मशीनवर तपासून घ्या, मग बोलू. जाता जाता न वितळवलेल्या कॅनची पोती उचलून बघितली आणि म्हणाला, ही अशीच द्यायची असली तर सांगा. मला राग आला. कॅन गोळा करायला काय गलाईवाला लागतो?

३ फेब्रुवारी

कढईला बुडाला भोक पडलं. माल निखाऱ्यात गेला. नवी नसली तरी चांगली जाड कढई होती, दोनशे माणसांची भाजी केलेली. बूड आतून खाल्ल्यासारखं पातळ झालं होतं, जणू कुणी कानशीनं घासलंय. आयुष्यात कधी लोखंड असं गेलेलं बघितलं नाही. सोन्यात लोखंडी सळई घालून ढवळा, सळई जशीच्या तशी बाहेर येते.

जोतीराम निखारे ओढायला बाजूला सरला होता म्हणून त्याचा पाय वाचला. मी धावलो, पण माझ्या धावण्यानं काय होणार होतं. पडदा बाजूला केला आणि दोघं बाहेर येऊन बसलो. बराच वेळ तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बसला. मी विचारलं, भ्यालास का? मानेनं हो म्हणाला.

घाबरट झालाय. कोइमतूरला असा नव्हता.

६ फेब्रुवारी

शेटचा फोन. मी घेतला. जोतीराम घरात नाही म्हणून सांगितलं. तो अंगणातच होता. त्यानं ऐकलं.

११ फेब्रुवारी

मी जोतीरामला रागावलो. भट्टीच्या पत्र्याला आतून कोपऱ्यात लाल थुंकलेलं दिसलं. म्हणालो, तंबाखू-पान कधीपासून सुरू केलंस? आपल्या घराण्यात नाही ते. बायको-पोर असलेल्या माणसानं असं लपून खावं का?

तो म्हणाला, "चुकलं आप्पा. फुडं न्हाई व्हायचं."

मग त्यानं स्वतः पाणी टाकून पत्रा धुतला. कबूल केलं ते बरं केलं. पोरगं सरळ आहे. पण मला रात्रभर काळजी, याला दुसरं कुठलं व्यसन तर लागलं नसेल?

१७ फेब्रुवारी

कुपवाडला गेलो, दोघं बापलेक. एसटीनं सांगली, तिथून रिक्षा. कारखान्यात मोटरचे भाग ओततात. तपासणीच्या खोलीत शिवांजली नावाची मुलगी होती, तासगावकडची, इंजिनिअर. मला वाटलं उडवून लावेल. तिनं खुर्ची दिली आणि चहा मागवला.

मशीननं लगडीवर ठिणगी पाडली आणि पडद्यावर आकडे आले. तिनं सगळं समजावून सांगितलं. जेवढं कळलं तेवढं लिहितो. कॅनचं अंग ओढून ओढून पातळ करायचं असतं, म्हणून त्या ॲल्युमिनियममध्ये थोडं मँगनीज आणि थोडंसं मॅग्नेशियम घालतात. झाकणाला ताठपणा हवा, कडी ओढताना फाटता कामा नये, म्हणून त्यात मॅग्नेशियम जास्त. म्हणजे माझ्या बोटांना लागलं ते खरंच होतं, पण त्याचा उपयोग काही नाही. कारण माझ्या लगडीत मॅग्नेशियम उरलंच नव्हतं. जळून गेलं होतं. त्याऐवजी लोखंड भरलेलं. वितळलेलं ॲल्युमिनियम लोखंड खातं, ती म्हणाली. कढई खाल्ली, झारा खाल्ला, म्हणून लगड बिस्किटासारखी तुटते.

मग तिनं विचारलं, वितळलं हे कशावरून ओळखता? मी म्हणालो, रंगावरून.

ती म्हणाली, "बाबा, याला रंग येत नाही. राखाडी असतानाच ओतायचं. लाल दिसलं म्हणजे माल गेला."

मी जोतीरामकडं बघितलं नाही. पहिल्या दिवशी तो हेच म्हणाला होता.

सोनं जाळलं की घाण जाते आणि सोनं राहतं. यात चांगलं घातलेलं तेवढं आधी जळतं. असला धातू मी बघितला नव्हता.

निघताना तिनं विचारलं, धूर कुठून बाहेर जातो तुमचा? मी म्हणालो, जातो कुठं, हळूहळू विरतो. तिनं जोतीरामकडं बघितलं आणि त्याला विचारलं, तुम्ही आत असता का? तो हसला नुसता. ती म्हणाली, कॅनला आतून प्लॅस्टिकचा हात असतो, बाहेरून रंग असतो, तो धूर चांगला नाही, धुराडं उंच बांधा आणि तोवर बंद ठेवा. मी हो म्हणालो. धुराड्यानं आच ओढली जाते, हे तिला कुठून माहीत असणार? आधी एक चांगली लगड तर निघू दे.

२४ फेब्रुवारी

मातीची मोठी मूस सांगलीहून आणली. लोखंड काही घालायचं नाही म्हणून ढवळायला कारवीची काठी. राखाडी असताना ओतलं. माझा हात ओतायला तयार होईना, आयुष्याची सवय. जोतीरामनंच ओतलं.

लगड निघाली तेव्हा पांढरी स्वच्छ, वाजवली तर नाद आला. पोत्याच्या मानानं पुरेसा माल. मी शालूबाईला हाक मारून दाखवली. तिनं हळद-कुंकू लावलं. जोतीराम बाहेर ओट्यावर बसला होता, भिंतीला डोकं टेकवून. मी म्हणालो, आता शेटला सांगायला हरकत नाही की येत नाही म्हणून. तो म्हणाला, सांगू की. आवाज खोल गेलेला.

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

४ मार्च

रोज दोन घाणे. जोतीरामच सगळं करतो. मला धूर सोसत नाही, मी पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि तिथून सांगतो.

११ मार्च

लगडींची थप्पी घेऊन लालासाहेबाकडं गेलो. त्यानं या वेळी नावं ठेवली नाहीत. माल बरा आहे म्हणाला. पण भाव सांगितला तो मोकळ्या कॅनपेक्षा कमी.

मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं मागं नेऊन मशीन दाखवलं. कॅन दाबून विटा करतं. न वितळवता. त्या विटा गाडी भरून मोठ्या कंपनीला जातात. तिथं कॅनचा पत्रा परत कॅनचाच होतो, कारण आत काय आहे हे त्यांना आधीच माहीत असतं. लगडीत काय आहे, कुणी काय मिसळलंय, हे कोण सांगणार? म्हणून लगड कमी भावाची, तिची भांडी होतात, झाकणं होतात.

"तुमी गाळलं म्हंजी माल उतरला, आण्णा," लालासाहेब म्हणाला. "हात न लावता दिला असता तर लय बरं झालं असतं." वाईट मनानं बोलला नाही. पाणी दिलं, गाडीपर्यंत पोहोचवायला आला.

गाळून किंमत कमी होते. परत येताना हे वाक्य डोक्यातून जाईना.

घरी जोतीरामला सांगितलं. मग कॅनच दाबून विकू, मी म्हणालो. तो म्हणाला, दाबायचं मशीन लालासाहेबाकडं, गाड्या त्याच्याकडं, आपण मध्ये कशाला? खरं होतं.

१३ मार्च, होळी

संध्याकाळी जोतीराम होळीपाशी उभा होता, तिथंच खाली बसला. तोंडाला रुमाल लावला. रुमाल लाल झाला. मी म्हणालो, परत पान?

संयोगिता माझ्याकडं वळली. सगळ्या गल्लीसमोर. तिनं कधी माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"मामा, त्येनी आयुष्यात पान खाल्लेलं न्हाई. महिना झाला रक्त पडतंय. तुमास्नी कळू नगं म्हून मला शपथ घातलीय."

होळी जळत होती. लोक नैवेद्य टाकत होते. शालूबाईला तिनं घरात नेलं. मी तिथंच उभा राहिलो, कारण बसता येईना.

१५ मार्च

मिरज. डॉक्टर तोच. दोन फोटो शेजारी शेजारी लावले, दिवाळीचा आणि आजचा. मला फोटोतलं काही कळत नाही, पण दुसरा जास्त पांढरा होता एवढं दिसलं. डॉक्टर माझ्यावर चिडला. म्हणाला, धुरात बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? मी म्हणालो, ॲसिड बंदच केलं होतं साहेब. त्यानं पेन खाली ठेवलं.

मी त्याला कॅनबद्दल सांगायला लागलो, जोतीरामनं माझा हात धरला.

१७ मार्च

पत्रे काढले. एकटाच काढत होतो, जोतीरामला हात लावू दिला नाही. पत्र्याची आतली बाजू काळी, चिकट, बोट लावलं तर डाग निघेना. एवढं सगळं पत्र्यावर बसलं, तर जे बसलं नाही ते कुठं गेलं असेल, याचा हिशोब मी करत राहिलो आणि मग थांबलो.

२२ मार्च

जोतीराम साखर कारखान्यात वॉचमनसाठी विचारून आला. हंगाम संपत आला, नंतर या म्हणाले. एका पेट्रोल पंपावर तरुण पोरं हवीत. लालासाहेबाकडं मशीनवर माणूस आहे. याच्या हाताला एकच काम येतं आणि ते आमच्या गावात नाही. कधीच नव्हतं.

मी म्हणालो, बसून राहा, खाऊ आपण जे असेल ते. तो म्हणाला, गोळ्या चालू आहेत, आता बरं वाटतंय. मला बरं वाटलेलं दिसत नाही.

२८ मार्च

शेटचा फोन जोतीरामनं घेतला. हो म्हणाला.

मी अंगणात संयोगिताला म्हणालो, तू तरी अडव. ती धुणं वाळत घालत होती. म्हणाली, "अडवून काय करू? हितं बी धूर, तितं बी धूर. तितला शेट निदान दवाखान्यात तरी न्हेतो."

मग पदरानं तोंड पुसलं आणि उरलेलं धुणं वाळत घातलं. पोराचा शाळेचा शर्ट होता, तो दोनदा झटकला.

१ एप्रिल

परवा पाडवा झाला. गुढी उभारली, सकाळी उभारली आणि संध्याकाळी उतरवली.

आज विट्याच्या स्टँडवर जोतीरामला सोडलं. मिरजेहून रेल्वे. बॅगेत शालूबाईनं दशम्या, शेंगांची चटणी आणि गोळ्यांचं पाकीट ठेवलं. गाडी लागेपर्यंत तो कॅनबद्दलच बोलत राहिला, उरलेली पोती लालासाहेबाला अशीच द्या, गाळत बसू नका. मी हो हो म्हणत होतो. गाडी लागली तेव्हा पाया पडला. वाकून उठताना खिडकीचा गज धरावा लागला त्याला.

त्या गाडीत आमच्या गावचे आणखी दोघं होते. एक कालिकतला, एक मदुराईला. सगळे गलाईवाले. एकमेकांना ओळखत होते, हसत होते. त्यांच्यात तो बरा दिसत होता.

१२ एप्रिल

पोती लालासाहेबाची गाडी घेऊन गेली. अंगण मोठं वाटतंय. शालूबाईनं गोमूत्र शिंपडलं.

१९ एप्रिल

जोतीरामचा फोन आला. मीच घेतला. आवाज चांगला होता, म्हणजे चांगला ठेवला होता. मध्ये एकदा फोनवर हात धरल्यासारखा सगळा आवाज बंद झाला, मग परत आला. जेवण बरं आहे म्हणाला. गोळ्या घेतो म्हणाला. शेटनं या वेळी ऐकलं, ॲसिडच्या टबावर मोठा एक्झॉस्ट फॅन बसवलाय, धूर सगळा बाहेर जातो, तुम्ही काळजी करू नका.

त्या दुकानात मी अर्धं आयुष्य काढलं. एका बाजूला चांदीवाल्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला जिना, मागं देवळाची भिंत, पुढं दार. एक्झॉस्ट फॅन बसवायला तिथं बाहेर उघडणारी भिंतच नाही.

मी म्हणालो, "बरं केलं शेटनं."

तो म्हणाला, "व्हय आप्पा."

फोन ठेवल्यावर शालूबाई आणि संयोगिता दोघी दारात उभ्या होत्या. मी सांगितलं, फॅन बसवलाय, मोठा. शालूबाईनं देवाकडं बघून हात जोडले. संयोगिता माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, चला मामा, जेवून घ्या.